हिरवी पुस्तिका आणि एका शिलिंगचे पाळणाघर : युद्धकालीन ब्रिटनमधील माता-बाल सेवेचे परीक्षण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील एखाद्या बाईला दिवस गेले आहेत ही बातमी पुष्कळदा तिच्या पोटाआधी तिच्या हातातली रेशन पुस्तिका फोडत असे. प्रौढ माणसाची पुस्तिका फिक्या बदामी रंगाची, पाच वर्षांपुढील मुलांची निळी, आणि गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया व पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठीची हिरवी. डॉक्टरचा किंवा सुईणीचा दाखला नेऊन दिला की ही हिरवी पुस्तिका मिळे, आणि तिच्यावर रोजचे एक पिंट दूध, दुप्पट अंडी आणि दुकानात फळे आली तर ती आधी निवडून घेण्याचा हक्क मिळे. रांगेत उभ्या असलेल्या शेजारणीने पर्समधून डोकावणारा तो हिरवा रंग पाहिला की पुढचे सांगावे लागत नसे. पहिलटकरणींना याचा संकोच वाटत असणार; तरीही या सेवेच्या परीक्षणाची सुरुवात या पुस्तिकेपासूनच करावीशी वाटते, कारण तिच्याबद्दल मी पुढे जे चांगले म्हणणार आहे आणि पाळणाघरांबद्दल जे वाईट म्हणणार आहे, त्या दोन्हींचे मूळ या दाखल्यात आहे. पुस्तिकेसाठी बाईला फक्त आपण गरोदर आहोत एवढेच सिद्ध करायचे होते. पाळणाघरासाठी मात्र तिला वेगळेच काही सिद्ध करावे लागे.

ज्याला आपण एक सेवा म्हणतो ती प्रत्यक्षात अनेक हातांतून येत होती. दवाखाने आणि सुइणी नगरपालिका व काउंटी यांच्याकडे, दूध आणि रस अन्न मंत्रालयाकडे, पाळणाघरे आरोग्य मंत्रालयाकडे, आणि पाळणाघर कोठे हवे हे ठरवताना मोठा आवाज श्रम मंत्रालयाचा. युद्धापूर्वीचा पाया अगदीच कच्चा नव्हता. १९१८ च्या माता व बालकल्याण कायद्याने स्थानिक संस्थांना दवाखाने, वजन-तपासणी केंद्रे आणि घरोघरी जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटर यांवर खर्च करण्याची मुभा दिली होती. मुभा होती, सक्ती नव्हती. त्यामुळे एका शहरात उत्तम केंद्र आणि शेजारच्या जिल्ह्यात आठवड्यातून एकदा एखाद्या सभागृहात मांडलेला वजनकाटा, अशी विषमता होती. १९३६ च्या सुईण कायद्याने मात्र पगारी, प्रशिक्षित सुइणींची व्यवस्था करणे स्थानिक यंत्रणेला बंधनकारक केले. या पायावर १९३९ ते १९४५ या काळात जे उभे राहिले त्याकडे मी एकाच बाजूने पाहणार आहे: सेवा मिळवण्यासाठी आईला काय करावे लागले, आणि त्या बदल्यात तिला काय सोडावे लागले.

सुरुवात वाईट झाली. युद्धाची घोषणा होण्याच्या दोन दिवस आधी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, शहरांतून स्थलांतर सुरू झाले आणि मोजक्या दिवसांत सुमारे १५ लाख माणसे सरकारी योजनेतून खेड्यांकडे व लहान गावांकडे गेली. त्यांत शाळकरी मुले सर्वांत जास्त होती; पण आया आणि त्यांची पाच वर्षांखालील मुले यांची संख्याही ५ लाखांच्या वर होती, शिवाय सुमारे १३ हजार गरोदर स्त्रिया. आगगाड्यांचे वेळापत्रक बारकाईने आखलेले होते. गाडीतून उतरल्यावर या बायकांनी चूल कोठे मांडायची, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. एकट्या आलेल्या मुलाला ठेवून घेणाऱ्या घराला आठवड्याला १० शिलिंग ६ पेनी (१२ पेनींचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड) मिळत आणि त्यात मुलाचे जेवणखाण येई. आई मुलासह आली तर तिच्यामागे ५ शिलिंग आणि मुलामागे ३ शिलिंग, तेही केवळ निवाऱ्याचे. अन्न तिने स्वतः विकत आणायचे आणि परक्या बाईच्या स्वयंपाकघरात, त्या बाईची सवड पाहून शिजवायचे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे कोणत्याही गृहिणीने त्या अधिकाऱ्यांना फुकट सांगितले असते. शहरातल्या घराचे भाडे चालूच, नवरा तिकडे एकटा, आणि इकडे दिवसभर घरमालकिणीच्या पायात येऊ नये म्हणून मुलाला घेऊन रस्त्यावर फिरणे. पहिल्या काही महिन्यांत बॉम्ब पडलेच नाहीत, आणि जानेवारी १९४० उजाडेपर्यंत या आयांपैकी बहुसंख्य परतल्या होत्या. या भागाला मी नापासच करीन. पैसे कमी होते ही तक्रार गौण आहे; आई आणि मूल यांना मिळून एक घर लागते ही साधी गोष्ट हिशेबात धरली गेली नव्हती, हा खरा दोष.

गरोदर बायकांची सोय त्यामानाने लवकर सावरली. प्रसूतीला साधारण महिना उरला की शहराबाहेर जायचे, सुतिकागृहाच्या आसपास कोणाच्या तरी घरी उतरायचे, बाळंतपण झाले की त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पंधरवडाभर पलंगावर काढायचा आणि मग परतायचे, अशी ती रचना होती. यासाठी सरकारने बड्या लोकांचे वाडे ताब्यात घेतले. हर्टफर्डशायरमधील ब्रॉकेट हॉलमध्ये सिटी ऑफ लंडन मॅटर्निटी हॉस्पिटल हलवले गेले आणि १९३९ ते १९४९ या दहा वर्षांत तेथे ८ हजारांहून अधिक बाळे जन्मली. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या लंडनमधील मदर्स हॉस्पिटलच्या बाळंतिणी डर्बीशायरमधील विलर्सली कॅसल या गिरणीमालकाच्या जुन्या महालात गेल्या. दोन खोल्यांत संसार करणाऱ्या बाईला झुंबरांच्या छताखाली बाळंतपण लाभावे, हा त्या युद्धाचा एक चमत्कारिक प्रसाद. वैद्यकीय दृष्ट्या ही गृहे चांगली होती, कारण हॉस्पिटलच आपल्या अनुभवी माणसांसह तेथे आलेले असे. उणीव होती ती आपल्या माणसांची. नवरा सैन्यात किंवा कारखान्यात, आई शंभर मैलांवर, आणि घरी राहिलेल्या तीन वर्षांच्या थोरल्या मुलाचे काय करायचे याचे ठरलेले उत्तर नाही. कित्येक जणींनी या एका कारणासाठी जाणे नाकारले आणि बॉम्बफेकीतच घरी बाळंत होणे पत्करले.

अशा बायकांकडे सुईण येत असे. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडू लागले तेव्हाही कळा सूर्योदयापर्यंत थांबत नव्हत्या, आणि सुईण सायकलवरून, डोक्यावर लोखंडी टोप घालून, मिणमिणत्या झाकलेल्या दिव्याच्या उजेडात पत्ता शोधत पोहोचत असे; काही बाळे तळघरांत आणि निवाऱ्यांत जन्मली. तिच्या पिशवीत वेदना कमी करणारे साधन मात्र क्वचितच असे. गॅस आणि हवा यांचे मिश्रण देणारे यंत्र घरगुती बाळंतपणात वापरण्याची मुभा सुइणींना १९३६ पासून होती, पण ते यंत्र जड, आणि ते वापरण्याचे शिक्षण मिळालेल्या सुइणी थोड्या. धैर्याला पूर्ण गुण देऊनही, तंत्र युद्धाआधीपासून हाताशी असून बहुसंख्य बायकांपर्यंत पोहोचले नाही, ही नोंद करणे भाग आहे.

आता या सेवेतील सर्वांत चांगल्या भागाकडे येतो. युद्धापूर्वी गरोदर बाईला सार्वजनिक खर्चाने दूध मिळायचे ते बहुधा केंद्रावर जाऊन, आपली गरिबी दाखवून आणि आपले कुपोषण डॉक्टरकडून मान्य करवून घेऊन. नियम गावागणिक वेगळे. जुलै १९४० मध्ये राष्ट्रीय दूध योजना सुरू झाली आणि हे सगळे एका फटक्यात मागे पडले. प्रत्येक गरोदर स्त्री, प्रत्येक पाजणारी आई आणि पाच वर्षांखालील प्रत्येक मूल यांना रोज एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक दूध २ पेनींत, आणि उत्पन्न फार कमी असेल तर मोफत. तो महिना आठवावा: डंकर्कहून सैन्य नुकतेच परतले होते, फ्रान्स पडला होता, देशावर चढाई होईल अशी धास्ती होती. अशा वेळी सरकार दुधाचा हिशेब करत बसले, आणि तो हिशेब बरोबर निघाला. काही महिन्यांतच हक्कदारांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक लोक या योजनेत आले. मला यातली कारागिरी विशेष आवडते ती अशी की दूधवाला पूर्वीचाच राहिला, बाटली दारात पूर्वीसारखीच आली, आणि फुकट दूध घेणाऱ्या घराची बाटली व २ पेनी देणाऱ्या घराची बाटली यांत रस्त्यावरून जाणाऱ्याला फरक दिसत नव्हता. ज्यांना दूध पावडर सोयीची त्यांच्यासाठी त्याच वर्षी नॅशनल ड्राइड मिल्कचे डबेही आले.

रस आणि तेल यांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखे अधिक आहे. डिसेंबर १९४१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी कॉड लिव्हर ऑइल आणि ब्लॅककरंट या काळ्या मनुकेसारख्या दिसणाऱ्या आंबट फळाचा पाक मोफत देण्यास सुरुवात झाली. संत्री बोटीने आणायला जागा नव्हती, म्हणून देशातले जीवनसत्त्व शोधणे चालू होते. बायकांच्या संघटना आणि शाळकरी मुले कुंपणांवरची रानगुलाबाची फळे वेचून पाकासाठी देत, तेही याच काळात. १९४२ मध्ये अमेरिकेकडून लेंड-लीज या उसनवारीच्या व्यवस्थेतून संत्र्याचा आटवलेला रस येऊ लागला आणि ५ पेनींना बाटली मिळू लागली. वस्तू उत्तम, किंमत नाममात्र, तरीही बाटल्यांचा उठाव हक्कदारांच्या निम्म्याच्याही पुढे फारसा गेला नाही, आणि तेलाचा तर त्याहून बराच कमी. याचे कारण आयांचे अज्ञान असे तेव्हाचे अधिकारी सांगत. मला ते पटत नाही. दूध दारात येई. रसासाठी अन्न कार्यालयात किंवा कल्याण केंद्रात, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत, कडेवर एक आणि हाताला एक मूल घेऊन, कुपनाबरोबर किमतीचे टपाल तिकीट लावून रांगेत उभे राहावे लागे. कारखान्यात काम करणाऱ्या आईला ती वेळ गाठणेच अशक्य. तेलाच्या बाबतीत मुलाचे मतही विचारात घ्यायला हवे: माशाच्या यकृताच्या तेलाचा चमचा पाहून तोंड मिटणारे मूल पुढील बाटलीची रांग आपसूक कमी करते.

बाळंतविड्यासाठीही सोय होती. जून १९४१ पासून कपडे कुपनांवर गेले तेव्हा गरोदर स्त्रीला बाळाच्या कपड्यांसाठी वेगळी ५० कुपने देण्यात आली, पुढे ती ६० झाली. लंगोट, दुपटी, लोकरीची झबली यांत ती भराभर संपत. जुन्यातून नवे शिवण्यावरच बहुतेकांची भिस्त होती.

विषारी वायूपासून बाळाचे रक्षण करणारे शिरस्त्राण हा या सेवेतील सर्वांत विचित्र पदार्थ. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना लाल-निळा, ‘मिकी माऊस’ म्हणून ओळखला जाणारा मुखवटा मिळे. त्याहून लहान बाळाला मात्र कमरेपर्यंत त्या शिरस्त्राणात घालून, पायांमधून पट्टा घेऊन बांधायचे आणि आईने बाजूचा भाता हाताने दाबून आत सतत हवा भरत राहायची. जुळी असतील, किंवा आईलाच भोवळ आली, तर काय करायचे याचे उत्तर त्या रचनेत नव्हते. वायुहल्ला झाला नाही, म्हणून हे साधन कधी कसाला लागले नाही. याउलट ज्या रोगाची धास्ती कमी होती पण बळी खरे होते, तो घटसर्प. १९४० मध्ये देशात ६१ हजारांहून अधिक रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू नोंदले गेले. लस कितीतरी वर्षांपासून उपलब्ध होती, कॅनडातील शहरांनी तिचा उपयोग सिद्धही केला होता, पण ब्रिटनमध्ये ती नगरपालिकांच्या मर्जीवर सोडलेली होती. मुले निवाऱ्यांत आणि पाळणाघरांत दाटीवाटीने राहू लागल्यावर साथीची भीती वाटली, तेव्हा १९४० च्या अखेरीस देशव्यापी मोफत लसीकरणाची मोहीम सुरू झाली आणि युद्ध संपेपर्यंत मृत्यू झपाट्याने खाली आले. उशीर केला हा दोष. पण एकदा ठरवल्यावर काम नेटाने केले.

आता पाळणाघरे. युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडमध्ये दिवसभराची पाळणाघरे शंभराच्या आसपास होती, आणि तीही बहुतेक गरीब वस्त्यांत, धर्मादाय स्वरूपाची. पहिली दीड-दोन वर्षे सरकारला त्यांची निकड वाटली नाही. मार्च १९४१ मध्ये स्त्रियांची कामासाठी नोंदणी करण्याचा आदेश निघाला, डिसेंबरमध्ये २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीची सेवा लागू झाली, आणि तरीही कारखान्यांना हात पुरेनात, तेव्हा श्रममंत्री अर्नेस्ट बेविन यांच्या खात्याची नजर लहान मुलांच्या आयांकडे वळली. चौदा वर्षांखालील मूल घरी असलेल्या बाईवर सक्ती करता येत नव्हती. तिला राजी करायचे तर मुलाची सोय हवी. १९४१ च्या मध्यावर आरोग्य आणि शिक्षण या दोन्ही खात्यांनी मिळून परिपत्रक काढले आणि युद्धकालीन पाळणाघरांचा सगळा खर्च केंद्र सरकारने उचलला. १९४४ मध्ये, सर्वाधिक विस्ताराच्या वेळी, पूर्ण वेळ चालणारी सुमारे १,४५० पाळणाघरे होती आणि त्यांत ७० हजारांच्या आसपास मुले होती.

ग्राहकाच्या, म्हणजे आईच्या, नजरेने पाहिले तर किंमत उत्तम: दिवसाला एक शिलिंग, त्यात जेवणखाण, दूध, तेल, रस सगळे आले. वेळही कारखान्याच्या पाळीकडे पाहून ठरवलेली, सकाळी ७ ते संध्याकाळी ७, काही ठिकाणी त्याहून अधिक. सकाळी मूल दारात पोहोचले की त्याचे घरचे कपडे उतरवून पिशवीत बांधले जात, आंघोळ किंवा निदान हातपाय धुणे होई आणि पाळणाघराचा सदरा चढे. वाचता न येणाऱ्या मुलासाठी प्रत्येकाला एक चित्र ठरलेले असे, कोणाला बदक, कोणाला होडी. तेच चित्र त्याच्या खुंटीवर, टॉवेलवर आणि दुपारी झोपायच्या बुटक्या कॅनव्हासच्या खाटेवर. दुपारी गरम जेवण, मग झोप, मग बागेत किंवा अंगणात खेळ. ठरलेल्या दिवशी वजन आणि डॉक्टरची फेरी. खोल्या बहुधा झटपट उभारलेल्या बराकी किंवा ताब्यात घेतलेली घरे. कित्येक मुलांना आयुष्यात पहिल्यांदा दिवसातून ठरल्या वेळी पूर्ण जेवण, न्हाणीघर आणि धावायला जागा मिळाली असेल. चांगल्या पाळणाघरातला मुलांचा दिवस सुखाचा होता असे म्हणायला मला हरकत वाटत नाही.

पण त्या सदऱ्यातच गोम होती. पाळणाघराची मुख्य म्हणजे मेट्रन, आणि ती हॉस्पिटलमध्ये तयार झालेली परिचारिका; तिच्या मनात पहिली भीती संसर्गाची. ही भीती निराधार नव्हती, कारण गोवर, खोकला, जुलाब आणि खरूज या मुलांत घरच्या मुलांपेक्षा जास्त फिरत असे, आणि तान्ह्या मुलांना त्याचा त्रास अधिक. दोन वर्षांपुढील मुलांसाठी शिक्षिका असावी असे कागदावर होते. तिला वाळू, पाणी, रंग आणि पसारा हवा असे, मेट्रनला चकचकीत फरशी. दोघींच्या ओढाताणीत अनेक ठिकाणी फरशीचा विजय झाला. त्यांच्या हाताखाली सोळा-सतरा वर्षांच्या शिकाऊ मुली, ज्या आज आहेत आणि उद्या दुसरीकडे. नर्सरी नर्सच्या शिक्षणाची देशभर एकच परीक्षा घेणारे मंडळ १९४५ मध्ये स्थापन झाले, म्हणजे मुख्य काम उरकल्यावर. आईला बहुतेक ठिकाणी उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. मूल आत गेल्यावर दिवसभर काय करते, कोणाच्या मांडीवर बसते, जेवते का, हे तिला संध्याकाळी दमल्या अवस्थेत, दारातल्या दोन वाक्यांत कळे.

याहून मोठी तक्रार जागा मिळण्याची. पाळणाघर मंजूर व्हायचे ते त्या भागात बायकांच्या श्रमाची मागणी आहे असे दाखवता आले तर. म्हणजे मूल कुपोषित आहे, आई आजारी आहे, घर बॉम्बने पडून पाच माणसे एका खोलीत राहतात, ही कारणे दुय्यम. आईने कारखान्यात नाव नोंदवले आहे का, हे पहिले. आणि मागणी दाखवायची तर आयांनी आधी नोकरी धरायला हवी, नोकरी धरायची तर आधी पाळणाघर हवे, असा हा ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही’ छापाचा पेच. आरोग्य खात्यातील अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांना मुळात पाळणाघरेच पसंत नव्हती. मुले शेजारणीकडे सांभाळायला द्यावीत, हा त्यांचा आवडता आणि स्वस्त उपाय. आयांनी बाबागाड्या रस्त्यावर आणून मोर्चे काढले तेव्हा काही नगरपालिका हलल्या. तरीही १९४३ मध्ये स्त्री-कामगारांची संख्या शिगेला पोहोचली असताना, काम करणाऱ्या बहुतेक आयांची मुले आजीकडे, मावशीकडे किंवा शेजारणीकडेच होती. अविवाहित आईला मात्र या पाळणाघराचा फार मोठा आधार झाला असणार, कारण ती नोकरीही करू शके आणि मूलही जवळ ठेवू शके. अशा मातांना मदत करावी असे स्थानिक संस्थांना सांगणारे सरकारी परिपत्रक १९४३ मध्ये निघाले.

बारा तासांची पाळी करून बाहेर पडणाऱ्या बाईला बाजारहाट कधी करायचा, रांगेत कधी उभे राहायचे आणि रात्रीचे जेवण कधी रांधायचे, हा प्रश्न ब्रिटनच्या सेवेने जवळजवळ तिच्यावरच सोडला. अमेरिकेत ओरेगनमधील पोर्टलंड येथे कैसर जहाजबांधणी कारखान्यांनी १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये दोन बालकेंद्रे काढली, ती चोवीस तास चालत आणि मुलाला न्यायला आलेल्या आईला शिजवलेले जेवण विकत घरी नेता येई. तेथे पैसा होता आणि बॉम्ब नव्हते, हे मान्य. पण गरम जेवणाचा डबा ही कल्पना सुचायला विशेष श्रीमंती लागत नाही.

दिवसाच्या पाळणाघरांहून निराळी होती ती निवासी पाळणाघरे. आईशिवाय पाठवलेल्या पाच वर्षांखालील मुलांसाठी, अनाथांसाठी, बाळंतपणाला किंवा दवाखान्यात गेलेल्या आईच्या मुलांसाठी ती ग्रामीण भागातील मोठ्या घरांत चालत. डिसेंबर १९३९ मध्येच जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट या मुलांच्या मनाचे आजार पाहणाऱ्या तिघा डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पत्र लिहून इशारा दिला होता की इतक्या लहान मुलांना आईपासून तोडणे हे स्वतःच एक दुखणे आहे. निवासी पाळणाघरांत सामान्यतः पाळण्यांची रांग, ठरलेल्या वेळी बाटली, आणि पाळीप्रमाणे बदलणाऱ्या मुली. प्रवास लांबचा आणि महाग, त्यामुळे आईवडिलांची भेट क्वचित. आणि भेटीनंतर मूल रडते म्हणून भेटी कमीच असाव्यात, असाही सल्ला दिला जाई. मूल रडायचे थांबले की ते रुळले असे समजत.

या सगळ्यात लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील एक लहानसा प्रयोग मला संपूर्ण सेवेहून अधिक काळ विचार करायला लावतो. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांची मुलगी ॲना फ्रॉइड १९३८ मध्ये व्हिएन्नाहून परागंदा होऊन लंडनला आली होती. तिने आणि तिची मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम हिने १९४१ मध्ये हॅम्पस्टेडच्या वेडरबर्न रोडवर आणि पुढे नेदरहॉल गार्डन्समध्ये घरे घेऊन बॉम्बने घर गेलेल्या मुलांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. एसेक्समधील लिंडसेल येथे थोड्या मोठ्या मुलांसाठी तिसरे घर होते. पैसा मुख्यतः अमेरिकेतील फॉस्टर पेरेंट्स प्लॅन या संस्थेचा. दार आईवडिलांना केव्हाही उघडे. पाळी संपवून रात्री आलेला बाप झोपलेल्या मुलाच्या खाटेशी बसू शके. तान्ह्या मुलांच्या काही आयांना तेथेच घरकामाची नोकरी दिली, म्हणजे त्या बाळाला अंगावर पाजू शकत. पुढे हॉस्पिटलमध्ये आईविना ठेवलेल्या मुलांच्या दुःखावर काम करून प्रसिद्ध झालेले जेम्स रॉबर्टसन तेव्हा येथे बॉयलर सांभाळत होते, आणि ॲना फ्रॉइड सगळ्यांकडूनच, त्यांच्याकडूनही, मुलांच्या वागण्याच्या नोंदी लिहून घेत असे.

त्या नोंदींतून दिसले ते असे. बॉम्बच्या आवाजाला लहान मूल आईच्या कुशीत असेल तर फारसे डगमगत नाही. तिची भीती तेवढी ते उचलते. आईपासून दूर सुरक्षित खेड्यात ठेवलेले मूल मात्र बोलणे विसरते, पुन्हा अंथरुण ओले करू लागते, भेटीला आलेल्या आईला ओळख दाखवत नाही. निवासी मुले जेवण्याखाण्यात आणि एकमेकांत मिसळण्यात पुढे, पण बोलण्यात मागे, कारण शब्द शिकायचे ते एका विशिष्ट माणसाशी बोलताना. म्हणून सगळ्या मुलांनी सगळ्या ताईंकडे जायचे ही पद्धत मोडून चार-पाच मुलांचे एक कुटुंब आणि त्याला एकच ताई, अशी विभागणी करण्यात आली. ताबडतोब भांडणे सुरू झाली, मत्सर आला, ‘माझी ताई’ म्हणून रडारड वाढली, आणि त्याबरोबर बोलणे आणि शरीरस्वच्छतेच्या सवयीही झपाट्याने सुधारल्या. शांत, शिस्तीत चालणारे पाळणाघर हे चांगल्या सेवेचे लक्षण नाही, हे आरोग्य खात्याच्या तपासनिसाला पटवणे कठीण गेले असते. प्रयोग लहान, मुले दोनशेच्याही आत, आणि असा माणूसबळाचा खर्च देशभर परवडला नसता, हा आक्षेप खरा आहे. पण उंबऱ्यावर आईला न अडवणे, याला पैसे पडत नव्हते.

निकालाचे आकडे पाहिले पाहिजेत, कारण त्यांच्याशिवाय हे परीक्षण अर्धवट राहील. इंग्लंड व वेल्समध्ये १९३९ मध्ये दर हजार जन्मांमागे ५१ बाळे पहिल्या वर्षात दगावत. १९४० मध्ये हा आकडा ५७ आणि १९४१ मध्ये ६० झाला. बॉम्ब, स्थलांतर, थंडी आणि साथी यांची ती दोन वर्षे. १९४२ मध्ये तो पुन्हा ५१ वर आला, १९४४ मध्ये ४५ पर्यंत उतरला. मृत जन्मांचे प्रमाण हजारी ३८ वरून १९४५ पर्यंत २८ च्या आसपास आले, आणि अशी घसरण पूर्वी दिसली नव्हती. बाळंतिणींचे मृत्यू १९३० च्या दशकाच्या मध्यात हजारी ४ च्या आसपास होते, ते १९४५ पर्यंत २ च्या खाली गेले. यातले सगळे श्रेय माता-बाल सेवेला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाळंतरोगावर सल्फोनामाइड या जंतुसंसर्गावरील औषधांचा उपयोग लंडनच्या क्वीन शार्लट हॉस्पिटलमध्ये लेनर्ड कोलब्रुक यांनी १९३६ मध्येच दाखवून दिला होता, आणि सैनिकांसाठी व बॉम्बने जखमी झालेल्यांसाठी उभारलेल्या रक्तपेढ्यांचा फायदा रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणींनाही झाला. बेकारी संपून घरात पगार आला, हेही आहेच. मृत जन्म घटण्यामागे मात्र आईच्या पोटात गेलेल्या अन्नाचा वाटा मोठा असावा असे मला वाटते, आणि म्हणून दुधाच्या त्या २ पेनींना मी या सेवेत सर्वांत वरचे स्थान देतो.

युद्ध संपले तेव्हा हिरवी पुस्तिका आणि पाळणाघर या दोन्ही गोष्टींची खरी किंमत कळली. डिसेंबर १९४५ मध्ये परिपत्रक निघाले: दोन वर्षांखालील मुलाची योग्य जागा घरी आईजवळ असते, आणि एप्रिल १९४६ पासून केंद्र सरकार पाळणाघरांचा सगळा खर्च न देता निम्माच देईल. चार वर्षांपूर्वी हीच जागा पाळणाघरात होती, पण तेव्हा विमानांना पत्रे जोडायचे होते. उरलेला निम्मा भार नगरपालिकांवर आला आणि एकामागून एक पाळणाघरे बंद होऊ लागली; आयांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, फार थोड्या ठिकाणी उपयोग झाला. गंमत म्हणजे १९४७ मध्ये कापडगिरण्यांना हात कमी पडले तेव्हा सरकारने त्याच बायकांना कामावर परतण्याचे आवाहन केले. रेशन १९५४ मध्ये संपले आणि हिरव्या पुस्तिकाही गेल्या. बाळांचा संत्र्याचा रस मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे कल्याण केंद्राच्या त्याच टेबलावर, त्याच ठरलेल्या दिवशी, त्याच ठरलेल्या वेळेत मिळत राहिला.